दिवाळसणाचा साचा

इलाचं लग्न २००५ च्या मे महिन्यात झालं आणि त्यानंतरचा उन्हाळा मी आणि माझे व्याही डेल ओस्टरहाउस यांनी एका सोफ्यावर बसून काढला. सोफा त्यांचा होता. ॲन आर्बरहून अर्ध्या तासावर चेल्सी नावाचं गाव आहे, तिथल्या त्यांच्या घरातला. दर दोनतीन रविवारी आम्हाला जेवायचं बोलावणं यायचं. जेवणं झाली की शरयू आणि जोॲन, म्हणजे दोघी विहिणी, स्वयंपाकघरात जायच्या आणि तिथून हसण्याचे आवाज यायचे. इला आणि आमचा जावई ब्रायन कुत्र्याला घेऊन बाहेर पडायचे. उरायचो आम्ही दोघं.

डेलराव म्हणायचे, यंदा पाऊस बरा आहे. मी म्हणायचो, हो, बरा आहे. मग जरा वेळाने मी म्हणायचो, तुमचं लॉन छान आहे. ते म्हणायचे, पाऊस बरा झाला ना यंदा.

ते गुरांचे डॉक्टर होते, निवृत्त झालेले. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात तीस वर्षं पुस्तकांचं वर्गीकरण केलं. गाईला प्रश्न विचारून उपयोग नसतो आणि पुस्तकाला विचारायची गरज नसते. त्यामुळे आम्हा दोघांनाही बोलण्याचा सराव नव्हता. शिवाय मी मुलीचा बाप. पस्तीस वर्षं अमेरिकेत राहूनही व्याह्यांसमोर माझी पाठ आपोआप ताठ व्हायची आणि प्लेटमध्ये वाढलेलं सगळं, अगदी तो हिरवा जेलीचा पदार्थसुद्धा, मी संपवायचो.

"बाबा, ही इज जस्ट डेल," इला गाडीत म्हणायची. "यू डोन्ट हॅव टू बी सो स्केअर्ड."

"घाबरत नाही ग मी. मान ठेवतो."

"घाबरतात," शरयू पुढच्या सीटवरून म्हणायची.

ऑगस्टमध्ये एका रविवारी पाऊस आणि लॉन दोन्ही लवकर संपले. डेलराव उठले आणि म्हणाले, "गॅरेजमध्ये जरा काम आहे. येता?"

गॅरेजचं दार सताड उघडं होतं. टेबलावर विजेचं एक भांडं होतं, त्यात शिसं वितळलेलं. चाकांचा तोल साधायला लावतात ती शिशाची जुनी वजनं त्यांना गावातला टायरवाला देत असे. त्यात त्यांनी थोडं कथील घातलं, वरची मळी काढली, आणि पळीने एका छोट्या साच्यात रस ओतला. क्षणभर थांबून साच्यावर लाकडाची टिचकी मारली, साचा उघडला, आणि जुन्या टॉवेलवर एक चकचकीत गोळी पडली. बंदुकीची गोळी. मी मागे सरकलो.

"कागदावर मारायची," डेलराव म्हणाले. "मी आयुष्यभर जनावरं बरी केली आहेत. मी फक्त कागद मारतो."

त्यांच्याकडे एक लिव्हर रायफल होती. घोड्याखालचा कडीसारखा दांडा खाली ओढून वर केला की नवं काडतूस आपोआप आत जातं, तसली. गावाबाहेरच्या क्लबात ते आणि त्यांचा धाकटा भाऊ वर्षानुवर्षं जोडीने नेमबाजी करत. भाऊ त्या वसंतात फ्लोरिडाला राहायला गेला होता. सगळे जातात तसा.

मी विचारलं, "गोळीचं नाक असं चपटं का? टोकदार का नाही?"

हा प्रश्न मी नुसता काहीतरी बोलायचं म्हणून विचारला होता. पण डेलराव माझ्याकडे वळले आणि लग्नानंतर पहिल्यांदा सलग पाच मिनिटं बोलले. लिव्हर रायफलमध्ये काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपतात. एकाचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. त्या बुडाच्या मधोमध ठिणगी पाडणारी टिकली असते. नाक टोकदार असलं आणि रायफलीचा धक्का बसला, तर नळीतल्या नळीतच काडतूस उडायचं. म्हणून नाक चपटं हवं. पण किती चपटं, कडा गोल की धारदार, बुंधा सरळ की निमुळता, यावर माणसं आयुष्यभर भांडतात.

मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. हे वर्गीकरण होतं.

त्यानंतर मी वाचायला लागलो. ग्रंथालयात अजून माझी ओळख होती. गोल नाकाच्या, चपट्या नाकाच्या, निमुळत्या, खांदेवाल्या, सगळ्या गोळ्यांची चित्रं मी पाहिली. रविवारी सोफ्यावर मी एक आकार काढायचो आणि डेलराव त्यावर बोलायचे. पाऊस मागे पडला.

"तीस वर्षं पुस्तकांना नंबर लावलेत," शरयू म्हणाली, "आता गोळ्यांना लावा. आणि ते शिशाचे हात घेऊन माझ्या ओट्याजवळ यायचं नाही."

नोव्हेंबरात दिवाळी आली. पहिला दिवाळसण. जावयासाठी शरयूने घड्याळ आणलं होतं आणि व्याह्यांसाठी शर्टाचं कापड सुचवलं. मी पहिल्यांदाच ठाम राहिलो. व्याह्यांना मी गोळीचा साचा देणार होतो, आणि तो माझ्या अभ्यासातून निवडलेला असणार होता.

मी तीन आठवडे घोळ घातला. शेवटी निवडली ती खांदेवाली गोळी. हिचं नाक लहान आणि चपटं, म्हणजे नळीत धोका नाही. नाकाच्या मागे एकदम रुंद, धारदार खांदा. हा खांदा कागदाला पंचिंग मशीनसारखं स्वच्छ, वाटोळं भोक पाडतो. गोल नाकाची गोळी कागद फाडते आणि कड कुठे आहे हे दिसत नाही. पुस्तकात खांदेवालीच्या भोकांचं चित्र होतं. इतकी नीटनेटकी भोकं मी कधी पाहिली नव्हती.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, फराळ झाल्यावर, डेलरावांनी कागद उघडला. साचा हातात घेतला, उघडला, दिव्याकडे धरून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ब्रायनने घसा खाकरला.

"वेल," डेलराव म्हणाले, "हा फार सुंदर साचा आहे, मनो."

मला मनो म्हणणारे जगात ते एकटेच.

"बरोबर आहे ना?" मी विचारलं. "नसेल तर बदलून मिळतो."

"उत्तम आहे," ते म्हणाले आणि दुसरा चिरोटा घेतला.

हिवाळाभर आम्ही त्या साच्यातून गोळ्या ओतल्या. बाहेर बर्फ, गॅरेजचं दार तरीही उघडं, दोघांच्या डोक्यावर कानटोप्या. मी ओतायला शिकलो. पहिल्या गोळ्यांना सुरकुत्या पडायच्या, कारण साचा पुरता तापलेला नसायचा; त्या परत भांड्यात. डेलराव दारू मोजायचे आणि काडतुसं भरायचे, ते काम त्यांनी मला दिलं नाही आणि मीही मागितलं नाही. मार्चमध्ये ते म्हणाले, "सप्टेंबरात जोड्यांची मॅच असते. भाऊ नाही यंदा. तुम्ही माझ्याबरोबर उतराल?"

मी हो म्हणालो आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. मॅचमध्ये मी फजिती केली तर काय होणार ते मला स्वच्छ दिसत होतं. डेलराव काही बोलणार नाहीत. ते सभ्य माणूस आहेत. पण पुढच्या वर्षी विचारणार नाहीत, गॅरेजचं बोलावणं येणार नाही, आणि आम्ही दोघं परत सोफ्यावर. यंदा पाऊस बरा आहे.

शिवाय त्या क्लबात एक रिवाज होता. शेवटी येणाऱ्या जोडीने पुढच्या महिन्यात सगळ्या सभासदांना पॅनकेक करून घालायचे. डेलराव आणि त्यांचा भाऊ यांच्यावर ती वेळ कधी आली नव्हती.

एप्रिलपासून आम्ही क्लबात जायला लागलो. कानांवर आवाज अडवणारे मफ, डोळ्यांवर चष्म्यावर चष्मा. डेलराव मला एका वेळी एकच काडतूस द्यायचे. ते हाताने वरून आत सरकवायचं, दांडा वर करायचा, नेम धरायचा. भोकं पुस्तकातल्यासारखीच पडायची, वाटोळी, स्वच्छ. "बघा," डेलराव म्हणायचे, "किती सुरेख भोक." पण मॅचमध्ये पाच काडतुसं एकदम नळीत भरायची होती आणि मिनिटाभरात पाचही उडवायची होती. मी म्हणायचो, पाच भरून बघू का? ते म्हणायचे, घाई कशाला, आधी नेम बसू दे.

पाच देण्याइतका त्यांचा माझ्यावर विश्वास नाही, हे मला समजलं होतं.

एकदा मी हट्टच केला. पाच भरली. दुसऱ्यालाच दांडा अर्ध्यात अडकला. आत काडतूस तिरकं होऊन बसलं होतं.

"होतं असं," डेलराव म्हणाले.

"मी हळू ओढला."

"नाही, नाही."

"मग फार जोरात ओढला."

"होतं असं, मनो."

घरी मी लाटणं घेऊन मनगटाचा व्यायाम करायला लागलो. शरयूने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी पोळ्या करायला सांगितल्या. "व्यायामच करायचाय ना?"

ऑगस्टमध्ये एका पुस्तकात मला एक वाक्य सापडलं. खांदेवाल्या गोळीचा खांदा काही लिव्हर रायफलींमध्ये आत शिरताना काठाला अडकतो, असं ते वाक्य होतं. ही गोळी मुळात रिव्हॉल्व्हरसाठी. मी ते वाक्य चारपाच वेळा वाचलं. साचा निवडताना वाचलेल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ मला आठवलं. त्यावर रिव्हॉल्व्हर होतं.

पण मग मी विचार केला. वाक्यात 'काही' असं लिहिलं आहे, 'सगळ्या' नाही. आणि डेलरावांना यातलं चाळीस वर्षांचं ज्ञान. गोळी चुकीची असती तर त्यांना दिवाळीलाच कळलं नसतं का? ते तर उत्तम म्हणाले. म्हणजे पुस्तक चुकीचं, किंवा मी ते चुकीचं वाचलं, किंवा माझं मनगट. यातलं मनगट मला सर्वांत संभवनीय वाटलं. तरी मी पुढच्या रविवारी विचारलंच, "डेलराव, या गोळ्यांबद्दल तुमचं काय मत आहे?"

"चांगल्या गोळ्या आहेत," ते म्हणाले आणि कुत्र्याला बोलावलं.

"विचारलंत का?" गाडीत शरयूने विचारलं. तिला मी ते वाक्य सांगितलं होतं.

"चांगल्या आहेत म्हणाले."

"आणि नसत्या तर सांगितलं असतं?"

"ते का नाही सांगणार? मुलाकडचे आहेत ते."

शरयूने खिडकीबाहेर पाहिलं. मका उंच झाला होता.

मॅचच्या सकाळी आमची काडतुसं मी काजूकतलीच्या रिकाम्या डब्यात कापूस घालून नेली. आठनऊ जोड्या होत्या, बहुतेक आमच्याच वयाच्या. जोॲन आणि शरयू मागे घडीच्या खुर्च्यांवर थर्मास घेऊन बसल्या. इला आणि ब्रायनही आले होते. मॅच दोन फेऱ्यांची: प्रत्येकाने प्रत्येक फेरीत पाच.

आधी डेलराव उभे राहिले. लाल टोपीवाल्या पंचाने भरा म्हटलं, त्यांनी पाच काडतुसं बाजूच्या फटीतून आत सारली. शिट्टी झाली. पहिली गोळी, दुसरी गोळी, दोन्ही काळ्या वर्तुळात. तिसऱ्याला दांडा अडकला.

त्यांनी तो शांतपणे मागे घेतला, हलवला, पुन्हा लावला. तिसरी सुटली. चौथ्याला परत अडकला. शिट्टी झाली तेव्हा दोन काडतुसं रायफलीतच होती.

मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो. त्या हाताने वासरं आडवी आली असताना सरळ केली होती, आणि तो माझा हात नव्हता. हळू नाही, जोरात नाही, थरथर नाही. तरी अडकली. म्हणजे मनगट नाही. म्हणजे पुस्तक बरोबर होतं.

माझी पाळी आली. मला वर्तुळाच्या कडेला एक गोळी मारता आली, मग अडकलं, आणि मिनिट संपलं. बाजूच्या जोडीतल्या एका म्हाताऱ्याने डेलरावांना विचारलं, "डॉक, झालं काय? काय घालतोयस त्यात?" डेलराव म्हणाले, "रायफल साफ करायला हवी होती." त्यांनी दोष आपल्यावर घेतला.

दोन फेऱ्यांमध्ये कॉफीची सुट्टी होती. मला माझी गाडी आणि त्यांचा पिकअप ट्रक यांच्या मधल्या जागेत त्यांना गाठायचं होतं, तरी तिथवर पोचायला मला वेळ लागला. मी सांगणार होतो की दिवाळसणाला दिलेली वस्तू चुकीची आहे. आमच्या घराण्यात असं कोणी कधी बोललं नसेल. पण न बोलता दुसऱ्या फेरीला उभं राहायचं, तर ते पुन्हा आपल्या रायफलीला नावं ठेवत बसणार.

"डेलराव," मी म्हणालो. इंग्रजीतही मी त्यांना हेच म्हणतो. ते त्यांच्या नावाचं भारतीय रूप आहे असं त्यांना वाटतं. "ही गोळी बरोबर नाही."

"कुठली?"

"ही. मी दिलेली. खांदा अडकतो."

त्यांनी कॉफीत पाहिलं. "थोडासा अडकतो."

"थोडासा नाही. तुमच्या हातात अडकते म्हणजे अडकतेच. मी रिव्हॉल्व्हरचं पुस्तक वाचलं होतं. मला आत्ता खात्री झाली."

"आत्ता?"

"आत्ता. तुम्हाला कधी कळलं?"

"दिवाळीला," डेलराव म्हणाले. "कागद उघडला तेव्हा."

मी ट्रकला टेकलो.

"मग बोलला का नाहीत?"

ते टोपी काढून डोकं खाजवायला लागले. गायीच्या मालकाला वाईट बातमी सांगताना ते असेच करत असतील. "इलाने ब्रायनला सांगितलं होतं, ब्रायनने मला. पहिल्या दिवाळीला मुलीचे वडील जे देतात त्यात खोड काढायची नसते. तो त्यांच्या घराचा अपमान होतो. खोड काढली तर तुम्ही आठवडाभर झोपणार नाही, असंही ती म्हणाली."

"ते खरं आहे," मी म्हणालो.

"म्हणून मी एकेक काडतूस देत होतो. एकेक हाताने भरली की ती झकास चालतात."

"मला वाटलं, तुमचा माझ्यावर विश्वास नाही."

"मला वाटलं, तुम्ही एकेकच उडवत राहिलात तर तुम्हाला कधी कळणार नाही. पण मॅचला तुम्ही आधीच हो म्हणून बसला होतात."

"तुम्ही विचारलंत म्हणून हो म्हणालो. व्याह्यांना नाही कसं म्हणणार?"

डेलराव हसले. ते हसतात तेव्हा आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात. मग त्यांनी ट्रकचं दार उघडून सीटखालून कॉफीचा एक जुना पत्र्याचा डबा काढला. आत काडतुसं होती, गोळ्या रुंद, चपट्या नाकाच्या, कडा उतरत्या, खांदा नाही.

"एप्रिलपासून ट्रकमध्ये फिरतायत," ते म्हणाले. "काढावीशी वाटायची, पण तुम्ही तो मिठाईचा डबा इतका जपून आणायचात."

दुसऱ्या फेरीला त्यांनी रायफलीवरची नेम धरायची मागची पट्टी दोन घरं वर केली, कारण या गोळ्या जरा खाली लागतात. त्यांच्या पाचही सुटल्या आणि पाचही काळ्यात बसल्या. मग मी. दांडा खाली, दांडा वर. काहीच अडलं नाही. तेलातून फिरवावं तसं. मला इतकं आश्चर्य वाटत होतं की चौथ्या गोळीला मी नेम धरायचाच विसरलो आणि ती मातीच्या बांधात गेली. बाकीच्या चार कागदावर होत्या. एक चक्क काळ्यात. भोक फाटकं होतं, कड नीट दिसत नव्हती, आणि पंच भिंग घेऊन वाकला तेव्हा मी डेलरावांना म्हणालो, "बघा. खांदेवाली असती तर लगेच दिसलं असतं."

"मान्य," ते म्हणाले.

आम्ही शेवटचे आलो. पहिल्या फेरीचं नुकसान भरून निघण्यासारखं नव्हतंच. निकाल वाचल्यावर लोकांनी डॉकला पाठीवर थापा मारल्या आणि पॅनकेक जाड हवेत म्हणून सांगितलं. जोॲनने शरयूला काहीतरी विचारलं, शरयूने मान हलवली, आणि दोघी तिथेच बेत करायला लागल्या.

इला माझ्याजवळ आली. "बाबा, आय ॲम सो सॉरी. मी ब्रायनला फक्त एवढंच सांगितलं होतं की बी नाइस."

"ते फारच नाइस वागले ग," मी म्हणालो.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी क्लबाच्या खोलीत आम्ही चौघांनी पॅनकेकऐवजी घावन केले. पीठ शरयूने घरून बादलीभर आणलं होतं. लोकांनी त्यावर मेपल सिरप ओतलं, शरयूने तिकडे न पाहायचं ठरवलं. एक जण म्हणाला की हे जाळीदार पॅनकेक मिळणार असतील तर डॉकने पुढच्या वर्षीही हरावं. तव्यापाशी डेलराव होते, पळी घेऊन. शिसं ओततात तसेच ते पीठ ओतत होते, एका जागी, हळू, हात न हलवता.

"हे चुकतंय," मी म्हणालो. "मधोमध गोळा होतोय. बाहेरून आत ओता. आणि तवा अजून तापलेला नाही."

शरयूने हातातली ताटली खाली ठेवली. "अहो," ती हळूच मराठीत म्हणाली, "व्याह्यांना असं बोलतात का?"

डेलरावांनी तो घावन उलथन्याने उचलला, पाहिला, आणि सुरकुतलेली गोळी भांड्यात परत टाकावी तसा कुत्र्याच्या ताटलीत टाकला. मग तवा तापू दिला आणि बाहेरून आत ओतायला लागले.

"नोव्हेंबरात संथ मॅच असते," ते तव्याकडे बघत म्हणाले. "एकेक काडतूस हाताने भरायचं, वेळेची अट नाही. तुमच्या साच्यातल्या गोळ्या घेऊन उतरू. भोकं फार सुरेख पडतात."

"नेम माझा वाईट आहे," मी म्हणालो.

"हो," डेलराव म्हणाले. "वाईट आहे."

त्या रात्री मला उत्तम झोप लागली.